दगडातल्या चुण्या

सहलीच्या गावी खोली दोघींसाठी घेतली होती, आणि धाकट्या बहिणीने आयत्या वेळी अंग काढून घेतलं. "अगं ताई, नातवाला ताप आलाय. तू जाऊन ये ना, तुझ्यामागे कुठे काय व्याप आहे?" बोलण्यात खोट काहीच नव्हती, म्हणून तर ते जास्त लागलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. लोकांचे कपडे कमी-जास्त करून द्यायचे, पँटी आखूड करायच्या, कुणाच्या कमरेला सैल सोडायचं, यातच ताईचे दिवस सरत. शेवटी दुकानाला कुलूप लावून ती एकटीच निघाली.

समुद्राकाठचं ते गाव फार जुनं. अखंड खडक पोखरून केलेली देवळं, दारातून लाटा दिसणाऱ्या गुहा. सगळीकडे माणसं घोळक्याने आलेली. ताईने तीन घोळक्यांचे फोटो काढून दिले. "तुमचाही काढू का?" असं विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

ती एका गुहेत शिरणार, तेवढ्यात कुणीतरी तिचा दंड धरला. सत्तरी उलटलेल्या एक आजी होत्या, डोळ्यांवर जाड काळा चष्मा. "कुठे गेली होतीस गं? मला आत ने. ऑपरेशन झाल्यापासून सगळं धुरकट दिसतंय."

'मी ती नव्हे' हे शब्द ताईच्या ओठांवर आले होते. पण दंडावरचा हात ऊबदार होता. ती नुसतं "चला" म्हणाली.

आत भिंतभर शेषावर निजलेला विष्णू होता.

"काय आहे, सांग ना," आजी म्हणाल्या.

"देव झोपलाय. एक हात लांब सोडलाय." ताई अडखळली. मग तिची नजर कपड्यावर गेली आणि जीभ सैल झाली. "कमरेचं वस्त्र बघा, किती मऊ केलंय! मांडीवर ताणलंय, गुडघ्यामागे चुण्या गोळा झाल्यात. झोपलेल्या माणसाचा कपडा अस्साच चुरगळतो. पायाशी बसलेल्या बाईचा पदर मात्र खांद्यावरून घसरायला आलाय. मी असते तर तिथे एक टाका घातला असता."

आजी खुदकन हसल्या. "आणि चेहरा?"

"खाऱ्या वाऱ्याने झिजलाय. नाक-डोळे काहीच राहिलं नाही."

"माझ्यासारखाच मग. मलाही कुणाचे नाक-डोळे दिसत नाहीत."

दोघी भिंतीच्या कडेकडेने हळूहळू हिंडल्या. कितीतरी दिवसांत ताई एवढं बोलली नव्हती. बोलता बोलता घसा कोरडा पडला, तरी तिला थांबावंसं वाटेना.

मग दारातून एक धिप्पाड बाई धापा टाकत आत आली. "वहिनी! सगळं पालथं घातलं मी! बस सुटायला आलीय, आणि तुम्ही परक्या बाईंना धरून काय हिंडताय?"

ताईचे कान तापले. "माफ करा, मी लगेच सांगायला हवं होतं."

"मला केव्हाच कळलं होतं," आजी शांतपणे म्हणाल्या. "ही माझी जाऊ. देव दाखव म्हटलं तर 'आहे मोठा' एवढंच सांगते. तुम्ही छान सांगत होतात, म्हटलं कशाला अडवा. कुणाबरोबर आलात?"

"एकटीच."

"बरं." आजींनी तिच्या दंडावर दोनदा थोपटलं आणि हात काढून जावेच्या हातात दिला. बसने वळण घेतलं तेव्हा ताईने हात हलवला. आजींना तो दिसणार नव्हता, हे तिला हात खाली घेताना आठवलं.

तिने बहिणीला फोन लावला. ताप उतरला होता.

"बरं झालं. अगं, इथे काय झालं माहितीये, एक आजी..."

"ताई, जरा थांब हं, दूध उतू जातंय."

फोन बंद झाला. ताई कट्ट्यावर बसून वाट बघत राहिली. समोर भरती चढत होती, खडकांवर पाणी फुटत होतं. बहिणीचा फोन काही आला नाही. ती उठली. दुपार बरीच उरली होती, आणि पलीकडच्या टेकडीवर अजून एक देऊळ बघायचं राहिलं होतं.