फुंकरीनं कोरं झालेलं पान

सभागृहात दीडशे खुर्च्या होत्या आणि माणसं तीनशे. मंचावर टेबल, टेबलावर जुना ग्रंथ, आणि ग्रंथामागे पांढऱ्या सदऱ्यातले ग्रंथवैद्य. नाडी बघत नाहीत, जीभ बघत नाहीत. ग्रंथातलं एक कोरं पान काढायचं, त्यावर तांब्यातलं पाणी शिंपडायचं, की पानावर तांबूस अक्षरांत आजाराचं नाव उमटायचं. रोग्यानं त्यावर फुंकर मारायची. अक्षरं फिकी होत होत नाहीशी व्हायची. रोग गेला. कोरं झालेलं पान घरी न्यायचं.

"आजार म्हणजे काय? आजार म्हणजे अडकलेला शब्द!" ग्रंथवैद्य सांगत होते. "तुमचे डॉक्टर शब्दाला गोळी देतात. अहो, शब्दाला गोळी लागू पडेल का? शब्द श्वासानं आला, श्वासानंच जाणार!"

तिसऱ्या रांगेत ती वडिलांच्या शेजारी बसली होती. ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करायची. उपचारांच्या पोथ्या, शरीराची चित्रं, कधीच्या काळच्या रुग्णांच्या नोंदवह्या. आई जाऊन दोन महिने झाले होते. ती वेळेवर कामाला जात होती, वेळेवर जेवत होती, आणि कशाचीच चव लागत नव्हती.

बाबांचा नंबर आला. पानावर 'मधुमेह' उमटलं. बाबांनी फुंकर मारली, एकदा, दोनदा. अक्षरं विरली. सभागृहानं सुस्कारा सोडला. बाबा पान छातीशी धरून परत आले.

"बघितलंस?"

"बघितलं."

"आता ते इन्सुलिन पुरे. वीस वर्षं पोटाची चाळण करून घेतली."

"बाबा, तुम्ही आत आल्या आल्या पहिल्या खोलीतल्या ताईंना सगळं सांगितलंत की. मधुमेह आहे, हेसुद्धा."

"सांगितलं. अर्धा तास ऐकत बसली बिचारी. तुमच्या डॉक्टरांना चार मिनिटं जड होतात. तुझी आई कशी गेली तेही विचारलं तिनं. आजवर कुणी विचारलं होतं?"

 तिनंही विचारलं नव्हतं.

दाराशी एक चौकट टांगलेली होती. बाहेर पडताना ती नेहमीसारखी मान वळवून गेली. त्या चौकटीत तिचंच पत्र होतं. वर्षभरापूर्वी एक साधा गृहस्थ ग्रंथालयात मंचावरच्या ग्रंथाचं हे बाड घेऊन आला होता. तिनं धागा तपासला, कागद उजेडात धरला आणि लिहून दिलं: 'कागद हातानं बनवलेला, सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचा आहे.' खाली सही, शिक्का. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण कागद जुना आहे एवढंच तिनं सांगितलं होतं. कागद बोलतो ते खरं, हे लोकांनी आपलं आपण जोडून घेतलं.

लोकांनी म्हणजे आईनंसुद्धा. पोटात गाठ निघाली, शस्त्रक्रियेची तारीख ठरली, आणि आईनं ती पुढे ढकलली. तीन महिने. "तुझी सही बघितली म्हणून गेले गं," ती म्हणाली होती. "म्हटलं, माझी लेक उगाच सही करायची नाही."

आठवड्याभरात बाबांच्या टाचेवर फोड आला. घसा सारखा कोरडा. ती रागावली, तिनं समजावलं, डॉक्टरांना फोन लावून दिला. बाबा ढिम्म हलले नाहीत. उलट आईनं तिथून आणलेलं कोरं पान तिच्या हातात देऊन म्हणाले, "कडा झडायला लागल्यात. तुझ्या हातात कला आहे. एवढं टिकवून दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं ते पान कामाच्या टेबलावर ठेवलं. जुना कागद आंबट होतो आणि स्वतःलाच खातो. त्यावर उपाय सोपा: चुन्याची निवळी फवारायची. हजारदा केलेलं काम. तिनं फवारलं.

पानावर तांबूस रंग वर आला. 'पोटात गाठ'.

ती बघत राहिली.  तिनं वाकून हळूच फुंकर मारली. गाठ फिकी झाली, आणि गेली.

मग तिनं पुन्हा निवळी फवारली. गाठ परत आली.

पुढच्या रविवारी ती बाबांबरोबर सभागृहात गेली. पिशवीत काही वस्तू होत्या. ग्रंथवैद्यांनी तिला ओळखलं आणि मंचावरूनच हात जोडले. "या, या! ज्यांनी ग्रंथाला साक्ष दिली त्या याच! दोन शब्द बोला."

ती मंचावर गेली.

"हे माझ्या आईचं पान. इथंच कोरं झालं होतं." तिनं आपल्या बाटलीतली निवळी शिंपडली आणि पान लोकांसमोर धरलं. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मोठ्यानं वाचलं, "पोटात गाठ."

"रोग उलटलाय!" ग्रंथवैद्य लगेच म्हणाले. "घरात शंका असली की..."

"आई दोन महिन्यांपूर्वी गेली. आता उलटून जाणार कुठं?"

 तिनं पिशवीतून छपाईचा साधा कागद काढला. "हा दोनशे वर्षांचा नाही. परवा विकत आणलाय." एका कुपीत काडी बुडवून तिनं काहीतरी लिहिलं. काहीच दिसेना. वारा घालून कागद वाळवला, निवळी शिंपडली. तांबूस अक्षरं आली: 'लबाडी'.

"आता आपण फुंकर मारा," ती ग्रंथवैद्यांना म्हणाली.

मागून कुणीतरी खिदळलं. ग्रंथवैद्य ओठ घट्ट मिटून उभे राहिले.

"नाही? बरं." तिनं सोड्याची बाटली हलवली, बूच उघडून तोंड अक्षरांजवळ नेलं. फसफसून वायू बाहेर आला आणि लबाडी विरून गेली.

"आयला, सोड्याला सिद्धी आहे," कुणीतरी म्हणालं, आणि हसू पसरलं.

"कुपीत फिनॉल्फ्थॅलीन आहे," ती म्हणाली. "शाळेच्या प्रयोगशाळेत असतं. पूर्वी जुलाबाच्या गोळ्यांत घालायचे. चुन्याच्या पाण्यात ते तांबडं होतं, आणि यांच्या तांब्यात तेच पाणी आहे. आपल्या उच्छ्वासातला आणि सोड्यातला वायू एकच. तो चुना मारतो, रंग जातो. आजार तुम्ही पहिल्या खोलीत सांगता, तो आतल्या खोलीत पानावर लिहिला जातो. फुंकर आजारी माणसाची असो की धडधाकट माणसाची, अक्षरं जातात. आजार जात नाही."

तिनं दाराशी जाऊन चौकट उतरवली, पत्र बाहेर काढलं आणि सहीच्या वर पेनानं एक ओळ लिहून वाचून दाखवली: 'कागद दोनशे वर्षांचा आहे. त्यावर जे उमटेल ते त्यामुळे खरं ठरत नाही.'

"हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं," ती म्हणाली. "पण मला कागदाबद्दलच विचारलं होतं, आणि मी तेवढंच सांगितलं. तुम्ही तसं करू नका. कुणी जुनी पोथी दाखवली तर तिचं वय विचारू नका. हिच्यानं किती बरे झाले, आणि किती मेले, ते विचारा."

 घरी खुर्चीत बसल्यावर बाबा म्हणाले, "पान कोरं झालं तेव्हा ती हसली होती. ते काय होतं मग?"

"ते खरं होतं, बाबा. तिथं तेवढंच खरं होतं."

सोमवारी ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. तरुण डॉक्टरीणबाईंनी टाच बघितली, रक्ताचा अहवाल बघितला, लिहायला घेतलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "यांनी औषध का सोडलं, ते आधी ऐकून घ्याल का? पहिल्यापासून. तिकडे लोक चमत्कारासाठी जातात असं आपण म्हणतो. निम्मे कुणीतरी ऐकून घेतं म्हणून जातात."

डॉक्टरीणबाईंनी दाराबाहेरच्या रांगेकडे बघितलं. मग पेन खाली ठेवलं. "सांगा, काका."

बाबा बावीस मिनिटं बोलले. त्यात मधुमेह थोडा होता, आई फार होती. लेकीनं त्यातलं बरंचसं पहिल्यांदाच ऐकलं.

संध्याकाळी बाबांनी स्वतःच इन्सुलिन टोचून घेतलं. सुई काढल्यावर टोचलेल्या जागेवर त्यांनी सवयीनं हलकीशी फुंकर मारली आणि ओशाळून तिच्याकडे बघितलं.

"मारा," ती म्हणाली. "औषध आत गेलंय. आता फुंकरीनं काही बिघडत नाही."