पन्नास ग्रॅमचा खळगा

मामाच्या तराजू-दुरुस्तीच्या दुकानात शनिवारी सकाळी मोजल्यावर एवढं निघालं: लहानमोठे तराजू सात, त्यांतल्या एकाला एकच पारडं, चिमटे चार, मऊ केसांचे ब्रश दोन, आणि मखमलीचं अस्तर लावलेली एक लाकडी पेटी. पेटीत खळगे नऊ, पितळी वजनं आठ. पन्नास ग्रॅमचा खळगा रिकामा होता.

"एक वजन कमी आहे," मी म्हणाले.

"इथे अख्खं दुकान चाललंय आणि हिला एका वजनाची पडलीये!" मामी दारात स्टुलावर बसून जुने कागद फाडत होती. मामाला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि पहिल्या तारखेला नवा भाडेकरू येणार होता. "आणि ही यादी तू तिसऱ्यांदा करतेयस. आधीच्या दोन याद्यांनी तुझं काय घोडं मारलं होतं?"

"खात्री करून घेतेय."

"तीन आठवडे खात्रीच करतेयस. फोनवर दुसरा विषय नाही. किती कीस काढशील गं एका गोष्टीचा?"

ती गोष्ट अशी. मी पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत सहा महिन्यांपूर्वी लागले. पाण्यात क्षार किती, हे काढायचं तर पाणी आटवायचं, भांडं वाळवायचं, पूर्ण थंड करायचं आणि मग तोलायचं. एकदा घाईत मी भांडं कोमट असतानाच तोललं. कोमट भांडं हलकं भरतं. अहवाल गेला. दुसऱ्या दिवशी चूक माझ्याच लक्षात आली. मी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना सांगितलं, चाचणी पुन्हा केली, सुधारलेला अहवाल पाठवला आणि काट्यावर चिठ्ठी चिकटवली: 'हाताला गार लागेपर्यंत थांबा.' मॅडम म्हणाल्या, "छान."

तेव्हापासून मी एकाही अहवालावर सही केली नव्हती. प्रत्येक नमुना सात-सात, आठ-आठ वेळा तोलत होते. चौदा नमुने तुंबले. शुक्रवारी मॅडमनी मला खोलीत बोलावलं. "चूक झाली त्या दिवशी तू अगदी बरोबर वागलीस. त्यानंतर तू काय करतेयस, ते मला कळत नाही. सोमवारी संध्याकाळपर्यंत चौदा सह्या हव्यात. नाही झाल्या, तर तुला कायम करा असं मी वर सांगू शकणार नाही."

मामीला हे सगळं तोंडपाठ झालं होतं.

मी फडताळाचा वरचा कप्पा रिकामा करायला घेतला. पॉलिशच्या डब्याचं झाकण उघडलं आणि त्या वासासरशी मी अकरा वर्षांची झाले.

त्या सुट्टीत मी रोज दुकानात यायचे. मामा मला चौकसबाई म्हणायचा. डोळ्याला भिंग लावून तो तराजूवर वाकायचा तेव्हा श्वाससुद्धा बाजूला सोडायचा, मीही सोडायचे. खिडकीतून दुपारचं ऊन पेटीवर यायचं आणि नऊ वजनं ओळीने चमकायची. त्यांतलं पन्नासचं मी एकदा हाताने उचललं. ते निसटलं, फरशीवर पडलं आणि गडगडत टेबलाखाली गेलं.

मामा ओरडला नाही. त्याने ते चिमट्याने उचललं, ब्रशने झटकलं आणि तोललं. तीनदा. तिन्ही वेळा बरोबर पन्नास.

"का पडलं?" त्याने विचारलं.

"मी चिमटा नाही घेतला."

"आता काय करशील?"

"चिमट्यानेच उचलेन."

"संपलं. त्या पडण्यात याहून जास्त शिकण्यासारखं काही नाही."

"अजून एकदा तोल ना, मामा."

"तीनदा तोलतो ते वजनासाठी. चौथ्यांदा तोलायचं ते तुझ्या जिवाच्या घालमेलीसाठी. ती तोलायचा काटा आपल्याकडे नाही, चौकसबाई." आणि त्याने पेटी बंद केली.

मी मात्र रोज उघडत राहिले. तो जेवायला घरी गेला की मी ते वजन काढायचे, अर्थात चिमट्यानेच. त्याच्यावर मला एक ओरखडा दिसायचा. कधी दिसायचा, कधी नाही. फडक्याला पॉलिश लावून मी तो घासायचे. घासल्यावर नवा दिसायचा, मग तोही घासायचे. महिन्याच्या शेवटी मामाने सगळी पेटी तपासायला काढली. पन्नासचं वजन त्याने तीनदा तोललं, भिंग काढलं आणि माझ्याकडे बघितलं. मी रडत सगळं सांगितलं.

तो इतका हसला की शेजारचा घड्याळवाला डोकावून गेला. "पडून काही झालं नव्हतं त्याला! काळजीने झिजवलंस गं!" मग डोळे पुसत म्हणाला, "धूळ बसली तर ब्रशने झटकायची. धूळ गेली की थांबायचं. त्यापुढे घासशील ते पितळ."

मी फडताळाच्या कप्प्यात हात आणखी आत घातला. पॉलिशच्या डब्यामागे औषधाच्या गोळ्यांची एक चपटी डबी होती. आत कापसात पन्नासचं वजन, आणि घडी घातलेली चिठ्ठी. अक्षर मामाचं, तारीख बारा वर्षांपूर्वीची.

'पडले: फरक नाही. महिनाभर पुसले: १७ मि.ग्रॅ. कमी. आता ४९.९८३. विकायचे नाही.'

मामीने चिठ्ठी हातात घेऊन वाचली आणि परत घडी घातली. फाडायच्या कागदांत मात्र टाकली नाही. "ठेव तुझ्यापाशी," ती म्हणाली. "आणि चहा टाक. माझ्या वाटणीचं रडू आलंय आता."

चहा उकळेपर्यंत मी पिशवीतून माझी प्रयोगशाळेची वही काढली. तिसरा नमुना, काट्यावरची आठ वाचनं. पहिली तीन जवळजवळ सारखी होती. चौथ्यापासून आकडा थोडा थोडा चढत गेला होता. वाळवलेलं भांडं पुन्हा पुन्हा हवेत काढलं की ओल धरतं. हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी पाच मार्कांचं उत्तर लिहिलं असतं. आकडा चढतोय म्हणून मी भांडं पुन्हा काढत होते, आणि पुन्हा काढत होते म्हणून तो चढत होता. इतर तेरा पानं बघितली. सगळीकडे तेच.

"चहा उतू गेला की गं!" मामी ओरडली.

सोमवारी सकाळी मी चौदाही भांडी पुन्हा वाळवली आणि हाताला गार लागेपर्यंत थांबले. मग प्रत्येक भांडं तीनदा तोललं. सातव्या नमुन्याला हात चौथ्यांदा भांड्याकडे गेला. मी चिमटा टेबलावर ठेवला, वही पुढे ओढली आणि सही केली.

पाच वाजून दहा मिनिटांनी मोजलं: नमुने चौदा, वाचनं बेचाळीस, सह्या चौदा. कागद मॅडमच्या टेबलावर ठेवून मी काट्यापाशी परत आले. सोबत आणलेल्या डबीतलं वजन चिमट्याने काढलं, ब्रशने एकदा झटकलं आणि तीनदा तोललं.

४९.९८३. ४९.९८३. ४९.९८३.