दोनशे चौदावी ओळ

मी नकाशा आहे. माझ्यावर डोंगर नाहीत, नद्या नाहीत, गावांची नावं नाहीत. माझ्याकडे फक्त आकड्यांच्या जोड्या आहेत, आणि तेवढ्याच जोरावर मी एकदा दोन माणसांच्या उपयोगी पडलो. ती हकीकत तुम्हाला सांगावी म्हणतो.

माझा जन्म १९९९ साली कोल्हापुरात, मंगळवार पेठेत झाला. चनबसाप्पांच्या भांड्यांच्या दुकानावर एक माडी होती. तिथं त्यांची मुलगी सौंदर्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायची. शिक्षण पुरं करून ती वर्षभरापूर्वी घरी आली होती, आणि हे तिचं पहिलं मोठं काम होतं. उचगावातल्या हंबीररावांच्या वर्कशॉपमध्ये मोटारसायकलच्या स्टँडचे भाग ठोकणारी एक प्रेस होती. ती कॉम्प्युटरवर चालवायचा प्रोग्राम सौंदर्या लिहीत होती.

माणूस प्रोग्राम लिहितो ते वाचता येईल अशा ओळींत. यंत्राला त्यातलं काही कळत नाही. मग कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्राम त्या ओळींचं यंत्राच्या आज्ञांमध्ये रूपांतर करतो, आणि त्या आज्ञा म्हणजे नुसते आकडे. एका ओळीच्या कधी तीन आज्ञा होतात, कधी अकरा. आठवणीसाठी लिहून ठेवलेल्या टिपांची तर एकही होत नाही. हे चालू असताना कंपायलर एका बाजूला लिहून ठेवतो की अमुक ओळीची पहिली आज्ञा अमुक पत्त्यावर आहे. ते लिहिलेलं म्हणजे मी. ओळी बदलल्या की मला पुसून पुन्हा लिहितात. सौंदर्या दिवसातून वीसदा ओळी बदलायची, म्हणजे मी दिवसातून वीसदा जन्मायचो. तक्रार नव्हती. तिची बोटं कीबोर्डवर पडायला लागली की मला बरं वाटायचं.

माझा मित्र डीबगर. प्रोग्राममधल्या चुका शोधायचं काम त्याचं. सौंदर्या एखाद्या ओळीवर ब्रेकपॉइंट ठेवायची, म्हणजे ‘इथं थांब’ अशी खूण करायची. डीबगर मला त्या ओळीचा पत्ता विचारायचा. मी सांगितला की तो तिथल्या आज्ञेचा पहिला आकडा उचलून जपून ठेवायचा आणि त्या जागी ‘थांब’ हा एकच आकडा बसवायचा. यंत्र धावत तिथं आलं की थबकायचं. मग डीबगर मला उलटं विचारायचा, ‘हा पत्ता कुठल्या ओळीचा?’ मी सांगायचो, आणि पडद्यावर ती ओळ ठळक व्हायची. काम झालं की तो मूळचा आकडा परत जागेवर ठेवायचा. यंत्राला पत्तासुद्धा लागायचा नाही.

प्रोग्राम तयार झाला, आणि तो वर्कशॉपमध्ये न्यायची वेळ आली तेव्हा सौंदर्यानं मला त्याच्यापासून तोडलं. मी जागा खायचो, आणि तिथं माझा काही उपयोगही नव्हता. माझ्यासकट असलेली प्रत तिनं फ्लॉपीवर घालून खणात टाकली. दोन महिने मी त्या खणात होतो. वर एक स्टेपलर, खाली वह्या. आपलं काम संपलं असंच मला वाटत होतं.

मग एका शनिवारी सकाळी गुंडू आला.

गुंडू त्या प्रेसवर काम करायचा. पन्नाशीचा माणूस, बावीस वर्षं प्रेसवर काढलेली. त्याच्या हातात एक चामडी हातमोजा होता, पापडासारखा चपटा झालेला.

“ताई, ह्यात माझा हात हुता,” तो म्हणाला. “कसा निघाला ते मलाच ठाऊक न्हाय.”

सौंदर्यानं खुर्ची पुढं केली. “काय झालं, गुंडूमामा? बसा आधी.”

प्रेसला दोन बटणं होती. ती दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय वरचा ठोकळा खाली यायचा नाही. दोन्ही हात बटणांवर असले की ठोकळ्याखाली हात राहायचाच नाही, असा तो बेत होता.

“मी आत पत्रा ठेवत हुतो,” गुंडू म्हणाला. “दोन्ही हात आतच. अन् ठोकळा आपोआप खाली आला. मी हात मागं वढला, मोजा आत ऱ्हायला. आता मालक म्हणत्यात, तू एक बटण रबरानं बांधून ठेवलं असशील, दुसरं कोपरानं दाबलं असशील. तसं लिहून दे, न्हायतर कामावर यिऊ नगंस. मी बांधत न्हाय, ताई. बांधणारी पोरं हायती, पर मी न्हाय. मग बटण काय नाकानं दाबलं व्हय मी?”

“मशीन पुन्हा चालवून बघितलं का?”

“तवाच लाल बटण दाबून बंद केलं आन् परत चालू केलं. झकास चाललंय. म्हणून तर समदी मलाच खोटं पाडत्यात. सोमवारपास्नं माझ्या जागी बनाबाईला बसवणार हायत त्यावर. मोठी आर्डर हाय, तीन पाळ्या चालत्यात.” तो उठला. “तुमच्या कॉम्प्युटरला इचारा की एकदा.”

तो गेला. गुंडू खरं बोलत असेल तर चूक तिची होती. ती चूक कुणी तिच्यावर ढकललेली नव्हती. ती गप्प बसली असती, तर कुणी विचारलंही नसतं. तिनं खण उघडला आणि मला बाहेर काढलं.

ठोकळा खाली आणणाऱ्या जागा प्रोग्राममध्ये दोनच होत्या. एक दोन्ही बटणं तपासून खाली आणायची. दुसरी चाचणीची ओळ. सकाळी मशीन सुरू केलं की ते आपणहून एक रिकामा ठोका मारून बघायचं, आणि त्या वेळी सगळे लांब उभे राहायचे. मशीन सुरू केल्यापासूनच्या ठोक्यांचा आकडा एकपेक्षा कमी असेल तेव्हाच ही ओळ चालायची. गुंडू खरा असेल तर ठोका ह्या दुसऱ्या ओळीनं मारला होता. सौंदर्यानं प्रेसच्या जागी एक छोटा दिवा जोडला. बटणांच्या जागी एक सर्किट बसवलं, ते दर सेकंदाला दोन्ही बटणं दाबल्याची खूण पाठवी. आणि चाचणीच्या ओळीवर ब्रेकपॉइंट ठेवला.

इथं माझ्या हातून घोटाळा झाला. खरं तर माझ्या हातून नव्हे, पण मला आजही त्याची लाज वाटते.

सुरू होताच चाचणीचा ठोका पडला, दिवा लागला, आणि प्रोग्राम थांबलाच नाही. पुढच्या साध्या ठोक्याला मात्र तो थांबला, आणि पडद्यावर चाचणीची ओळ ठळक झाली. सौंदर्या घाबरली. दर ठोक्याला चाचणीची ओळ चालते की काय? तिनं रविवार सगळा त्यात घालवला. दोन वेळा तारा बदलल्या. संध्याकाळी चनबसाप्पा वर आले. मुलगी डोकं धरून बसलेली.

“ऊटा तरी करशील का न्हाय? ताट वाढून ठेवलंय,” ते म्हणाले.

“अप्पा, हा मला एक दाखवतो आणि करतो दुसरंच.”

“कोण?”

“हाच.” तिनं पडद्याकडे बोट केलं.

चनबसाप्पांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. ते सहज म्हणाले, “तुझ्याकडं आन् त्याच्याकडं एकच यादी हाय न्हवं? दुकानात असंच होतंय. माझ्याकडं नवी यादी, गड्याकडं जुनी. मग मी घागरीसाठी सात नंबर म्हणतो, तो कढई काढतो.”

सौंदर्यानं झटकन मान वर केली.

तसंच झालं होतं. प्रोग्राम उचगावला दिल्यावर तिनं स्वतःच्या फाईलच्या डोक्यावर सहा ओळींची टीप घातली होती. तिचं नाव, तारीख, फोन नंबर, असंच काही. त्यामुळं खालची प्रत्येक ओळ सहानं सरकली. मी होतो जुन्या फाईलचा, आणि ती बघत होती नवी. चाचणीची ओळ नव्या फाईलमध्ये दोनशे विसावी होती, माझ्या हिशेबात दोनशे चौदावी. तिनं दोनशे विसावी मागितली, मी माझी दोनशे विसावी दिली. ती ओळ दर साध्या ठोक्यानंतर ठोक्यांचा आकडा पडद्यावर दाखवायची. मी खोटं बोललो नव्हतो. पण मला भलत्याच गावच्या रस्त्यांबद्दल विचारलं जात होतं, आणि ते सांगायला मला तोंड नव्हतं.

तिनं सगळ्या फ्लॉप्या उपसून माझ्या जन्माच्या दिवशीची फाईल शोधली आणि आम्हा दोघांना एकत्र आणलं. सोमवार त्यातच गेला. मंगळवारी सकाळी आठला तिनं दोनशे चौदाव्या ओळीवर खूण केली. चाचणीचा ठोका आला आणि आम्ही थांबलो, बरोबर तिथंच. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! ही ओळ पुन्हा कितव्या ठोक्याला चालते ते बघायला तिनं पुढं चालू केलं आणि दिवा दर सेकंदाला लुकलुकू लागला.

दुपारी दीडला पेठेतली वीज गेली. आकडा शून्यावर.

बुधवारी गुंडूनं हंबीररावांच्या ऑफिसमधला यूपीएस, वीज गेली तरी कॉम्प्युटर चालू ठेवणारा डबा, मागून आणला. “पाचला परत न्यायला यीन, म्हणाले मालक,” तो म्हणाला आणि खुर्चीवर बसला. आठला पुन्हा सुरुवात. गुंडू दिव्यावरची नजर हलवत नव्हता. दहा हजार झाले, वीस हजार झाले. सौंदर्यानं त्याला जेवायला वाढलं, तेही तो दिव्याकडे बघतच जेवला. मला मात्र एकसारखं वाटत होतं, कुणी मला विचारणारच नाही, आणि ह्या माणसाला मान खाली घालून जिना उतरावा लागेल.

पाच वाजता हंबीरराव आले. उंच, आवाज मोठा.

“काय सौंदर्याताई, लागला का शोध? मी म्हणतो, पोरांनी बटण बांधलं तर तुमचा प्रोग्राम तरी काय करंल?”

“पाच मिनिटं बसा, काका.”

ते बसले नाहीत. यूपीएसच्या वायरीकडं वाकले. आणि दिवा लुकलुकायचा थांबला.

डीबगरनं मला विचारलं, “हा पत्ता कुठल्या ओळीचा?”

मी म्हणालो, “दोनशे चौदावी.”

पडद्यावर चाचणीची ओळ ठळक झाली. सौंदर्यानं ठोक्यांचा आकडा बघितला. वजा बत्तीस हजार सातशे अडुसष्ट.

“काका, इकडं बघा,” ती म्हणाली. “ही बटणांची तार. मी काढून टाकते. आता बटण कुणीच दाबत नाही. बघताय ना?” तिनं तार बाजूला ठेवली आणि एकच ओळ पुढं जाईल अशी कळ दाबली.

दिवा लागला.

हंबीरराव पडद्यासमोर वाकले. मग सौंदर्यानं सांगितलं, “मी आकड्याला ठेवलेली जागा लहान होती. गाडीच्या मीटरमध्ये सगळे नऊ झाले की परत शून्य येतात ना, तसं ह्यात बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या पुढं एकदम वजा होतं. वजा म्हणजे एकपेक्षा कमी. मशीनला वाटलं, सकाळ झाली, चाचणी घ्यायची. रोज बंद होत होतं तोवर हे कळलं नाही. गुंडूमामांच्या वेळी ऑर्डरच्या घाईत चार दिवस ते बंदच झालं नव्हतं. गुंडूमामांची चूक नाही, काका. माझी आहे.”

हंबीररावांनी मनातल्या मनात दिवस मोजले. सोमवारी सकाळपासून बनाबाई आणि इतर पाळ्या. वर्कशॉपमधली वीज एकदाही गेली नव्हती.

“फोन कुठाय?” ते ओरडले. दुकानातला फोन चनबसाप्पांनी जिन्यात आणून दिला. “कोण? बनाबाईला मशीनवरनं उठवा. मशीन बंद करा. व्हय, आत्ता! आर्डर गेली खड्ड्यात!”

तेव्हा प्रेसचा आकडा एकवीस हजारांच्या वर होता. आपोआप पडणाऱ्या ठोक्याला अजून दीड दिवस शिल्लक होता. हे ऐकल्यावर सौंदर्या पायरीवर बसली आणि रडली. गुंडू तिच्याजवळ गेला.

“रडतीयास कशाला, पोरी? तू गप बसली असतीस तर मी काय करणार हुतो?”

हंबीरराव म्हणाले, “गुंडू, उद्या कामावर ये. अन् त्या दिवशी जे बोललो ते…” ते यूपीएसची वायर गुंडाळायला लागले. गुंडूनं तेवढ्यावर मान हलवली.

सौंदर्यानं प्रोग्राम बदलला. आकड्याला मोठी जागा दिली, आणि माणसानं हातानं किल्ली फिरवल्याशिवाय चाचणीचा ठोका पडणार नाही असं केलं. तेव्हापासून प्रोग्राम कुठंही द्यायचा झाला की ती एका पाकिटात त्या दिवशीची फाईल आणि त्या दिवशीचा नकाशा एकत्र ठेवते, वर तारीख घालते. आता तिच्या हाताखाली सहा जण आहेत. त्यांनाही ती हेच पहिल्या दिवशी शिकवते.

गुंडू २००५ साली निवृत्त झाला, दहाही बोटांनिशी. बनाबाई अजून वर्कशॉपमध्ये आहे, पण नव्या मशीनवर. जुनी प्रेस भंगारात गेली. मी एका सीडीवर आहे, लोखंडी कपाटात, माझ्या फाईलच्या शेजारी.

तुमच्यापैकी कुणी प्रोग्राम लिहीत असाल तर एवढंच मागणं आहे. आम्हाला यंत्राबरोबर पाठवू नका, चालेल. पण आम्हाला आमच्या ओळींपासून तोडू नका. भलत्या ओळींसमोर उभं केलंत तर आम्ही प्रामाणिकपणे चुकीचं सांगू.

माझ्यापुरतं म्हणाल, तर गेल्या कित्येक वर्षांत मला कुणी काही विचारलेलं नाही. म्हणजे सगळं ठीक चाललंय. येतो.