सासूबाईंच्या नडगीला लागणारे हँडल

मी एक जुने हँडल आहे. दाराचे नाही, खिडकीचे नाही, मोटारगाडीचेही नाही. चार जणांच्या एका छोट्या खाजगी विमानात, पुढच्या दोन खुर्च्यांच्या मागे, पायांपाशी माझा मुक्काम असतो. उडताना विमानाची चाके पोटात ओढली जातात आणि उतरण्याआधी विजेची मोटर ती बाहेर काढते. ही मोटर कधी रुसलीच, तर मला हाताने फिरवून चाके खाली आणायची, एवढेच माझे काम. पण मित्रांनो, माझे नशीब बघा. मोटर वर्षानुवर्षे रुसलीच नाही आणि मी आपले दुमडून बसून राहिले.

एका कारखान्यात पोलादाची सळई तापवून, वाकवून मला घडवले. टोकाला मुठीत नीट बसेल अशी काळी मूठ जडवली. तपासणीवरच्या बाईंनी मला फिरवून पाहिले आणि म्हणाल्या, "हे कुणाला दगा देणार नाही." ते शब्द मी जिवापाड जपले. कोणत्या दिशेने फिरवायचे ते कळावे म्हणून माझ्या शेजारी एक पिवळा बाण रंगवला होता. उलटे फिरवले तर बाहेर आलेली चाके परत आत जातात, त्यामुळे त्या बाणाशिवाय माझा उपयोग अर्धाच होता.

आमचा मालक दातांचा डॉक्टर. विमानावर त्याचा फार जीव. पंख चकचकीत पुसायचा, खुर्च्यांच्या चामड्याला तेल लावायचा. पाहुणे आले की नाकावरच्या पंख्याचे कौतुक, काचेचे कौतुक. माझ्या मुठीला मात्र कचऱ्याची पिशवी लटकवलेली असे. डॉक्टरच्या मुलीने एकदा माझ्या बाणावर बदकाचे चित्र चिकटवले. कुणाच्या ते लक्षातही आले नाही. वर्षातून एकदा मेकॅनिक विमान जॅकवर उचलायचा आणि मला चार वेढे द्यायचा, तोच माझा सण.

आणि सासूबाई! डॉक्टरच्या या सासूबाईंनी सारे आयुष्य हाताने फिरवायच्या शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवले होते. त्यांना विमानात पुढे बसायची भारी हौस. पण नातीला मागे मळमळायचे, म्हणून पुढची खुर्ची तिची. सासूबाई फुरंगटून मागे चढायच्या आणि दर वेळी त्यांची नडगी माझ्यावर आपटायची.

"मेलं हे हँडल! जावईबापू, एक तर याला काढा, नाहीतर मला काढा!"

एकदा डॉक्टर हसून म्हणाला, "ते काढता येत नाही हो आई. पण पुढच्या सर्व्हिसिंगला त्याच्यावर पत्र्याचं झाकण बसवून घेतो. स्क्रू मारून, एकदम पक्कं."

काहीही काम न करता मी कायमचे पत्र्याआड जाणार होते.

त्याच्या पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी आम्ही घरी परतत होतो. धावपट्टी समोर दिसू लागली. डॉक्टरने चाकांचे बटण दाबले. नेहमीची घरघर झाली नाही. नुसते 'टक' वाजले आणि जळका वास आला. चाके नीट बसली की समोर तीन हिरवे दिवे लागतात. एकही लागला नाही. आता पोटावर उतरायचे, तर पत्रा धावपट्टीवर घासणार, ठिणग्या उडणार आणि पंखांत पेट्रोल! विमानतळाच्या मनोऱ्यावरची बाई दुर्बिणीतून बघून रेडिओवर म्हणाली, "चाकं दिसत नाहीत. वरच घिरट्या घाला."

डॉक्टर मान न वळवताच ओरडला, "आई, तुमच्या पायाशी ते हँडल आहे ना?"

"आहे की. अजून नडगी ठणकतेय."

"ते फिरवायचंय. मला विमान सोडता येत नाही. तुम्हालाच करावं लागेल."

सासूबाईंनी पिशवी भिरकावली आणि मला उलगडले. "कुठल्या बाजूला फिरवू?"

"घड्याळाच्या उलट... म्हणजे माझ्याकडून बघितलं तर... थांबा, तुमच्याकडून..." दात काढताना कधी न गोंधळणारा डॉक्टर पार गोंधळला. "शेजारी बाण आहे बघा!"

"बाण कुठला? इथे बदक आहे!"

पुढून रडवेला आवाज आला, "आजी, बदकाच्या खाली असेल."

सासूबाईंनी नखाने बदक खरवडून काढले. खाली पिवळा बाण होता तसाच होता.

मग मी फिरू लागले. अहाहा, काय तो हात! धसमुसळेपणा नाही, ढिलाई नाही. एकेका वेढ्यासरशी खाली चाके सरकू लागली. रेडिओवरची बाई सांगत होती, "पुढचं आलं... डावंही आलं... उजवं अर्धवटच लोंबतंय." दोन दिवे लागले होते. आता मी फार जड झाले होते. खुर्चीच्या कडेवर घासून सासूबाईंच्या बोटांची सालटी निघाली.

"आई, जमेल ना?"

"तुम्ही समोर बघा. हे माझ्यावर सोडा."

त्यांनी खुर्चीला पाय टेकवला, दोन्ही हातांनी मला धरले आणि सारा जोर लावला. आतमध्ये खट्कन काहीतरी बसले. तिसरा दिवा लागला! नातीने अशी किंकाळी फोडली की इंजिनाचा आवाजही ऐकू येईना. मित्रांनो, त्या क्षणी मला जेवढा आनंद झाला तेवढा माझ्या जन्मात झाला नव्हता.

तरी उतरताना व्हायचे ते झालेच. उजवे टायर फुटले. विमान वाकडे होऊन गवतात घुसले, धावपट्टीकडेची एक पांढरी पाटी आडवी पाडून कुंपणाच्या अलीकडे थांबले. पंखाचे टोक खरचटले. पण तिन्ही चाके ठाम उभी होती. धावत आलेल्या आगीच्या बंबाला काही कामच उरले नाही.

खाली उतरून डॉक्टरने सासूबाईंचे सोललेले हात हातात घेतले आणि तो ढसाढसा रडला.

"आधी डोळे पुसा," सासूबाई म्हणाल्या. "आणि माझ्या लेकीला फोन लावा. सांगा, आईने विमान उतरवलं."

मोटर बदलली, टायर बदलले. मेकॅनिकने विचारले, "ते झाकण बसवायचं होतं ना?" सासूबाई गरजल्या, "खबरदार!" आता मला दर महिन्याला तेल मिळते. बाण नव्याने रंगवला आहे आणि नातीचे नवे बदक छताला चिकटले आहे.

मित्रांनो, तुमच्याही आसपास माझी भावंडे आहेत. भिंतीवरची वाळूची लाल बादली, जिन्यामागचे संकटकाळचे दार, कपाटातली प्रथमोपचाराची पेटी. त्यांच्यावर पिशव्या टांगू नका, त्यांच्यापुढे खोकी रचू नका. अधूनमधून पुसा, चालतात का ते बघा. आम्हाला कौतुक नको, फक्त आमची आठवण ठेवा.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणाला नात मळमळीचे औषध घेऊन मागे बसायला तयार झाली होती. डॉक्टरने पुढचे दार उघडून धरले. "आई, आजपासून ही मानाची जागा तुमची."

सासूबाईंनी एकवार तिकडे पाहिले आणि सरळ मागे चढल्या. नडगी माझ्यावर आपटलीच. ती चोळत त्या ऐटीत म्हणाल्या, "पुढे कुणीही बसेल हो. इथे खात्रीचं माणूस लागतं."