दगडाच्या जागी बसलेला पाट

मित्रांनो, मला दोन पाय आहेत, पण चालणं काही माझ्या नशिबी नव्हतं. मी एक जुना पाट आहे. माझ्या पोटाखाली दोन आडव्या पट्ट्या ठोकलेल्या आहेत, त्यांनाच पाय म्हणायचं, एवढंच.

चकलांबा गावच्या ओढ्याकाठी एक बाभूळ उन्मळून पडली. नाथा सुताराने तिच्यातून मला काढलं आणि तासून गुळगुळीत केलं. कडूबाईच्या लग्नात ती हळदीला माझ्यावरच बसली होती. तिच्या अंगावरून ओघळलेली हळद माझ्या रेषांत मुरली. "पाट असावा तर असा!" जो तो म्हणायचा. पुढे घरात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मी भिंतीला टेकलो तो टेकलोच.

कडूबाई आणि तिचा नवरा सटवा मेंढरं राखतात. दिवाळी झाली की घोडीवर संसार लादायचा, मेंढरांमागे चालत गोदावरीपलीकडे जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. ते गेले की घर सुनं व्हायचं. पत्र्याच्या भोकातून उन्हाचा कवडसा यायचा, माझ्या अंगावरून सावकाश सरकायचा आणि मला डुलकी लागायची. स्वप्नात मी चालत असायचो. पुढे मेंढरांची धूळ, घोडीच्या गळ्यातली घंटा आणि मागून माझे ठेंगणे पाय टुकूटुकू. जाग आली की समोर चूल, थंड पडलेली. बाभूळ जन्मभर एका जागी उभी राहते. तिच्या लेकराला ही असली हौस कुठून लागली, देव जाणे!

गेल्या हिवाळ्यात कडूबाईचे गुडघे धरले. उघड्या रानात भुईला बसून भाकरी थापायची आणि उठताना काठीला लटकायचं. यंदा दिवाळीला तिची लेक सुकन्या बीडहून आली. ती म्हणाली, "माय, औंदा तू माझ्याकडं ऱ्हा. आबा जातील एकटे."

कडूबाईने मला भिंतीपासून काढलं, पदराने पुसलं, माझ्यावर बसली आणि कशालाही न धरता उठली. मग नवऱ्याला म्हणाली, "ह्यो पाट संगं घेतला, तर मी बी येती."

माझ्या अंगावर तर काटाच आला. बाभळीला काट्याचं काय नवल म्हणा!

पण घोडी आता म्हातारी झाली होती. जिवाच्या आवडीची एकच वस्तू प्रत्येकाने न्यायची, आणि तीही हलकी, असा त्यांचा रिवाज. सटवाचा गाणी वाजवायचा डबा ठरलेलाच असायचा. त्याने मला एका हाताने उचललं आणि सुस्कारा सोडला. "लई जड हाय. हाताला जड ते वाटंला दुप्पट जड. न्हाई जमायचं."

म्हणजे कडूबाई बीडला जाणार. लग्न झाल्यापासून तिने मेंढरांची वाट एकदाही चुकवली नव्हती. मला फार वाईट वाटलं. माझ्यापेक्षा तिच्यासाठी जास्त.

सकाळी सटवा घोडी लादू लागला. एका अंगाला भांडी आणि पिठाचं पोतं, दुसऱ्या अंगाला मेंढरं कोंडायची जाळी आणि नुकती जन्मलेली कोकरं. ओझं पिठाच्या बाजूला कललं. तेव्हा सगळे मेंढके करतात तेच त्याने केलं. बांधावरचा एक चांगला दगड उचलला आणि हलक्या बाजूला आवळून बांधला. तोल साधला.

कडूबाई दारात उभी राहून बघत होती. तिने विचारलं, "आवं, ह्यो दगड कुठवर न्यायचा?"

"वाटभर. तोलाला नको का?"

"गेल्या साली बी गेलता का दगड?"

"दर साली जातोय की! त्याच्याबिगर..." सटवा बोलता बोलता थांबला.

सुकन्या तोंडाला पदर लावून हसू लागली. कडूबाई मात्र हसली नाही. "दगडाला जागा हाय घोडीवर," ती म्हणाली, "मला बसायच्या पाटाला न्हाई."

सटवाने मुकाट्याने दोरी सोडली. दगड बांधावर गेला आणि मी त्याच्या जागी आलो. वजन जरासं कमी पडत होतं, म्हणून त्याने आपला गाण्यांचा डबाही माझ्याच बाजूला अडकवला.

मित्रांनो, मग माझं स्वप्न चालू लागलं. दोन्ही बाजूंना ज्वारीची हिरवी रानं, पुढे धूळ, कानाशी घंटा. घोडीच्या प्रत्येक पावलाबरोबर मी हलत होतो आणि कोकरं माझ्या अंगाला तोंड घासत होती. मागून कडूबाई काठी टेकत येत होती, पण येत होती.

तिन्हीसांजेला तळ पडला. ती माझ्यावर ऐसपैस बसली, भाकरी थापल्या आणि सहज उठली. सटवा ढेकळांवर चुळबुळ करत जेवत होता. म्हणाला, "जरा मला बी दे की पाट."

"तुमचा दगड हाय की चकलांब्याला," कडूबाई म्हणाली. "जावा, घेऊन या!"

तर मित्रांनो, मला अधूनमधून पुसा, तेलाचं बोट लावा, भिंतीला टेकवून विसरू नका. आणि लांबच्या वाटेला निघताना ओझं जरूर कमी करा. फक्त कुणाचा पाट खाली उतरवण्याआधी आपण कुठे दगड तर बांधला नाही ना, तेवढं बघून घ्या.