गळ्याशी आठ पट्टे

क्रेनचा हूक तुटला आणि धाकटा भाऊ जागीच गेला, त्याला तीन आठवडे होत आले. कारखान्यात एकच वाक्य फिरत होतं: गड्याने जास्त वजन उचललं. मेलेल्याच्या तोंडाला कुलूप, मग बोलणाऱ्यांना काय.

तपासणी त्याच्या वहिनीकडे आली. घरचंच प्रकरण म्हणून तिने नको म्हटलं होतं. पण प्लॅस्टिकमधून ताण बघायची विद्या तिथे दुसऱ्या कुणाला येत नव्हती. तिने नकाशावरून पारदर्शक प्लॅस्टिकचा छोटा हूक कापला आणि दोन काळपट काचांमध्ये टांगला. त्या काचा एकमेकींना आडव्या लावल्या की पलीकडचा दिवा विझल्यासारखा दिसतो. प्लॅस्टिकवर भार आला की त्या काळोखात रंगीत पट्टे उमटतात. जिथे दाटी, तिथे ताण.

"वहिनी, तुम्हाला रंग बघायचा पगार, आम्हाला लोखंड उचलायचा," दीर म्हणायचा.

हुकाचा नकाशा तिच्या नवऱ्याने, गेलेल्याच्या थोरल्या भावाने, काढला होता. तिने त्याला मुद्दाम बोलावलं आणि परवानगीच्या वजनाच्या प्रमाणात भार लावला. हुकाच्या पोटाशी तीन पट्टे आले, मोकळेढाकळे. वर गळ्याशी, दांडा जिथे एकदम बारीक होतो त्या कोपऱ्यात, आठ. एकमेकांच्या उरावर बसलेले.

"तुझ्या करवतीचे असतील," नवरा म्हणाला. "घाईत कापलं की प्लॅस्टिक तापतं, ताण आत राहतो. तूच सांगतेस ना?"

खरं होतं. मागे तिने तसा घोळ घातला होता आणि दिराने वर्षभर चिडवलं होतं.

तिने भार उतरवला. सगळं काळं झालं, कोपरासुद्धा. करवतीचा ताण असता तर तो असा उतरला नसता.

माणसाच्या आतलं देवाने असं दिसू दिलं नाही, ही त्याची दयाच. नाहीतर त्या घडीला नवऱ्याकडे बघवलं नसतं.

"इथली गोलाई कमी का केलीत, अहो?"

"वरचा नट टेकत नव्हता. चार वेळा शिडी चढून दमला होता धाकटा. म्हणाला, दादा, कोपरा सरळ करून दे, बसेल." नवरा काचेकडेच बघत राहिला. "त्याला काय कळायचं होतं. मला कळत होतं."

बाहेर बाकावर तिची जाऊ, दिराची बायको, बसली होती. निकाल लागेपर्यंत रोज येऊन बसायची.

नवरा बाहेर आला तशी तिने विचारलं, "दादा, ह्यांनी जास्त उचललं होतं का हो?"

"नाही. वजन बरोबर होतं."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने पाठ टेकली.

"मग चुकलं कुणाचं?"

वहिनी दारातच थांबली. कोपरा सरळ करायला कुणी सांगितलं, एवढंच नवरा बोलला असता तरी सुटला असता.

"नकाशा माझा आहे," तो म्हणाला आणि बाकावर बसला.

जाऊ उठली नाही. फक्त सरकली, मध्ये एका माणसाची जागा राहील इतकी.