ढोली: नाही

थोरली बहीण जाऊन आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत तिने सगळ्यांना एकच उत्तर दिलं होतं: "बरं." जेवून घे म्हटलं की बरं. रजा संपली, आता कामावर ये म्हटलं की बरं. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही की तोंडात तक्रार नाही. नात्यातल्या बायका आपसांत म्हणायच्या, पाठची बहीण ना ही, बघा तरी, नुसता दगड. ते तिच्याही कानावर आलं होतं. त्यावरही ती मनातल्या मनात बरं म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

दोघीच बहिणी, त्यामुळे घरी ती धाकटी. रस्ते खात्यात मात्र ती झाडवाल्या बाई. एकोणीस वर्षं तिचं काम एकच. रस्त्याच्या कडेला कुठे गटार काढायचंय, खांब रोवायचेत, वळण रुंद करायचंय, तर कुऱ्हाड लागण्याआधी तिथे जायचं आणि मूळचा झाडोरा किती आहे, तोडला तर काय जाईल, ते लिहून आणायचं. कुणी हौसेने लावलेली फुलझाडं यात धरायची नाहीत. जे त्या मातीत आपसूक उगवलंय, तेवढंच मोजायचं. तोड थोडी असेल तर दोन पानांचं पत्रक भरलं की काम भागतं. जास्त असेल तर महिनोन्महिने चालणारी मोठी पाहणी. साहजिकच खात्यातल्या प्रत्येकाचा जीव त्या दोन पानांवर.

त्या दिवशी साहेबांनी फाइल तिच्या टेबलावर ठेवली. "बाई, एवढं या आठवड्यात उरकून टाका. शाळेकडे वळायचा फाटा आहे ना, तिथे वळणाऱ्या गाड्यांना थांबायला वेगळी मार्गिका करायची आहे. लोकांनी पिच्छा पुरवलाय नुसता."

फाइलवर लिहिलं होतं, किलोमीटर सतरा, मीटर पाचशे. ताई तिथेच गेली होती. शाळेत गणित शिकवायची ती. सकाळी वळायला म्हणून रस्त्याच्या मधोमध स्कूटर थांबवून उभी होती, समोरून गाड्या येत होत्या, आणि मागून ट्रक आला. पिच्छा पुरवणारे 'लोक' म्हणजे खरं तर एकटे भावोजी. औषधांचं दुकान अर्धा दिवस बंद ठेवून ते आठ महिने सरकारी उंबरे झिजवत होते.

नियमाप्रमाणे तिने तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, साहेब, हे माझ्या घरातलं प्रकरण आहे, दुसऱ्या कुणाला द्या. पण सांगायचं म्हणजे बोलावं लागणार. बोललं की साहेबांचा चेहरा उतरणार, ते शिपायाला पाणी आणायला सांगणार, शेजारच्या टेबलांवरच्या माना वळणार. तेवढं सगळं सोसायचं त्राण तिच्यात नव्हतं.

"बरं," ती म्हणाली.

सकाळी आठला ती फाट्यावर पोचली. अंगात नारिंगी जाकीट, गळ्यात दुर्बीण, हातात टेप. पट्टा एकशेवीस मीटर लांब आणि नऊ मीटर रुंद. नेहमीसारखी एका टोकापासून सुरुवात केली. बाभळी चौदा, बोरी सहा, खाली कुसळी गवत आणि तरवडाची झुडपं. प्रत्येक खोडाचा छातीच्या उंचीवर घेर मोजायचा, आकडा लिहायचा, फीत बांधायची, पुढे जायचं. खडीत लाल काचेचे तुकडे होते, कुठल्या तरी मागच्या दिव्याचे. रस्त्याकडेला अशा काचा सगळीकडेच असतात. तिने त्या ओलांडल्या आणि पुढच्या बाभळीला टेप गुंडाळली.

"तू?" मागून आवाज आला. "तुला पाठवलं?"

भावोजी होते. पाहणी होणार हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. दाढी वाढलेली, सदरा इस्त्रीचा. घरात इस्त्री ताई करायची, आता तेच शिकले होते.

"मलाच पाठवलं," ती म्हणाली.

"चांगलं झालं. घरचं माणूस आलं. आता किती दिवस?"

"पत्रक छोटं आहे. सगळं ठीक असलं तर पंधरा दिवसांत सही होईल."

"ठीक नसायला काय झालंय? चार बाभळी आणि काटेरी बोरी. शाळा सुरू व्हायच्या आत काम झालं पाहिजे बघ. पोरं सायकली घेऊन उभी असतात गं इथे. मला रोज धस्स होतं."

ती टेप घेऊन पुढे सरकली. शेवटचं झाड राहिलं होतं, नेमकं फाट्याच्या तोंडाशी. जुनाट करंज होता, दोघांच्या कवेत मावणार नाही असा. बुंध्याशी पांढरी विष्ठा सांडलेली होती आणि उंदरांच्या केसांच्या, हाडांच्या सुकलेल्या गोळ्या पडल्या होत्या. तिने वर पाहिलं. दोन पुरुष उंचीवर ढोली होती. आतून फुसफुस ऐकू आली, भुकेली पिल्लं करतात तशी. घुबड.

पत्रकातला नववा रकाना होता, 'ढोली: आहे / नाही'. 'आहे' लिहिलं की दोन पानांचं पत्रक बाद. मग मोठी पाहणी, पिल्लं उडून जाईपर्यंत थांबणं, म्हणजे पाच-सहा महिने. तोवर शाळा सुरू होऊन निम्मी संपली असती.

"काय आहे गं वर?" भावोजींनी विचारलं.

"काही नाही."

तिने 'आहे'वर काट मारली. एकोणीस वर्षांत एक खोटा आकडा लिहिला नव्हता, तेव्हा आत काहीतरी ओरडेल असं वाटून ती क्षणभर थांबली. कुणी ओरडलं नाही. तिने खाली सही केली, तारीख घातली आणि टेप गुंडाळून ठेवली. भावोजी म्हणाले, घरी चल, चहा घे. ती बरं म्हणाली. चहा पिताना तिला तो गोड आहे की अगोड हेही कळलं नाही.

बाराव्या दिवशी मंजुरी आली. झाडांवर लाल रंगाचे पट्टे ओढले गेले. आणि तोडीच्या दोन दिवस आधी कंत्राटदाराच्या मुकादमाचा फोन आला.

"बाई, एक लोचा झालाय. त्या करंजात घुबडाची पिल्लं आहेत, तीन. आमचा गडी दोरी टाकून वर चढला आणि तसाच खाली आला, म्हणतो, मी नाही करवत लावणार. तुमच्या कागदावर तर ढोली नाहीच. नजरचुकीने राहिली असेल, नाही का? होतं असं."

माणूस चांगला होता. तिच्यासाठी दार उघडून उभा होता, तिने फक्त त्यातून बाहेर पडायचं होतं.

"नजरचूक नाही," ती म्हणाली. "मी पाहिली होती."

"मग काय करायचं?" मुकादम म्हणाला.

"थांबवा काम. मी साहेबांना सांगते."

हे धैर्य वगैरे नव्हतं. तिला विचारलं आणि तिने खरं काय ते सांगितलं, एवढंच. साहेबांच्या खोलीतही तसंच झालं.

"पाहिली होती तर 'नाही' का लिहिलंत?" साहेबांनी विचारलं.

"तिथे माझी बहीण गेली."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं. दाराबाहेरच्या टेबलांवरच्या माना वळल्या. सगळं अगदी तिला वाटलं होतं तसं झालं आणि तिने ते सोसलंही. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

"आधी सांगायचं ना बाई! आता मी काय लिहू? नजरचूक लिहितो, मिटवून टाकू."

"नका लिहू. मुकादमाला मी खरं सांगितलंय."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच."

तिला बाहेरच्या कामावरून काढून आवक-जावक नोंदवहीवर बसवलं. साहेबांच्या खोलीतून उठता उठता ती म्हणाली, "साहेब, पाच-सहा महिने काम लांबणार. तोवर त्या फाट्यावर काहीतरी करा. गतिरोधक घाला, पिंपं मांडा."

"बघतो," साहेब म्हणाले.

भावोजींना दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून ती दुपारीच दुकानात गेली. गिऱ्हाईक जाईपर्यंत काउंटरशी उभी राहिली आणि मग सगळं सांगितलं. आधी खोटं लिहिलं तेही, नंतर खरं सांगून टाकलं तेही.

भावोजींनी हातातली गोळ्यांची पाकिटं खाली ठेवली. "घुबडासाठी?"

"हो."

"तुझी बहीण मेली तिथे, आणि तुला घुबड दिसलं?"

"हो."

"उद्या तिथे आणखी कुणाचं माणूस गेलं तर? त्याला काय सांगशील? पिल्लं होती म्हणून?"

हा प्रश्न तिने स्वतःलाही विचारला होता आणि त्यावर काहीच हाती लागलं नव्हतं.

"लोक म्हणायचे तेव्हा मी भांडायचो त्यांच्याशी," भावोजी म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "म्हणायचो, ती आतल्या आत रडते. नाही. दगडच आहेस तू. जा."

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

पुढच्या आठवड्यात दोन दिवसांत फाट्याच्या दोन्ही बाजूंना गतिरोधक झाले. मधोमध पाणी भरलेली प्लास्टिकची पिंपं मांडली, लांबून दिसेल असा फलक लावला. वळणारी गाडी पिंपांच्या आडोशाला उभी राहू शकत होती. ती ऑफिस सुटल्यावर बघायला गेली, तर भावोजी आधीच तिथे उभे होते. ट्रक येत होते, गतिरोधकावर दबत होते, हळू होऊन पुढे जात होते.

त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "हे दोन दिवसांचं काम होतं?"

"दीड. आज दुपारीच संपलं."

"मग आठ महिने मला कुणी सांगितलं का नाही? मी मोठं पत्र लिहीत होतो, मोठी सही मागत होतो..."

"मोठं काम मंजुरीत आहे म्हटल्यावर लहान कुणी करत नाही." तिने थांबून पुढचंही सांगितलं. "मी तर याच खात्यात बसते. मलाही सुचलं नाही, भावोजी."

"बैल गेला आणि झोपा केला," ते म्हणाले आणि कडेच्या दगडावर बसले. खांदे हलायला लागले. ती शेजारी उभी राहिली. हात ठेवावा असं वाटलं, ठेवला. तो हात स्वतःचा आहे की दुसऱ्या कुणाचा, ते तिला नीटसं कळत नव्हतं. पण भावोजींनी तो झटकला नाही.

मोठी पाहणी दुसऱ्या बाईंनी केली. पिल्लं उडून गेली, आणि त्यानंतर करंज तोडलाच. फाट्याच्या तोंडावरच होता, त्याला वळसा घालता येत नव्हता. बदल्यात पुढच्या झाडांवर दोन लाकडी पेट्या टांगल्या. त्यांत अजून कुणी राहायला आलेलं नाही, असं कळवणारं पत्र तिच्याच टेबलावर आलं. तिने त्याला क्रमांक घातला, तारीख घातली आणि ते पुढे पाठवलं. पिल्लं उडाली ना, एवढंच तिने त्या बाईंना जिन्यात विचारलं. तिन्ही, त्या म्हणाल्या.

मार्गिका सुरू झाली त्याच महिन्यात भाची, ताईची मुलगी, अठराची झाली आणि तिने स्कूटरचा परवाना काढला. भावोजींनी आधी साफ नाही म्हटलं, मग दोन दिवस अबोला धरला, शेवटी स्वतःच हेल्मेट आणून दिलं. पहिल्याच रविवारी पोरगी हॉर्न वाजवत धाकटीच्या दारात हजर.

"मावशी, चल मागे बस. शाळेच्या मैदानापर्यंत जाऊन येऊ."

"बरं," म्हणत ती बसली.

पोरगी गाडी बरी चालवत होती. फाटा आला, तिने दिवा लावला, आरशात पाहिलं, गाडी नव्या मार्गिकेत घेतली आणि दोन्ही पाय टेकून थांबली. समोरून गाड्यांची रांग चालली होती. आणि मागून एका जड गाडीचा घरघराट जवळ यायला लागला. शेजारच्या मार्गिकेतून, आपल्या रेषेत, जायचा तसाच तो ट्रक निघून गेला. वाऱ्याने ओढणी तोंडावर आली.

"मावशी, अगं पोटात नखं रुतताहेत!"

तिने खाली पाहिलं. दोन्ही हातांनी तिने पोरीला घट्ट आवळून धरलं होतं. छाती धडधडत होती, तोंडाला कोरड पडली होती.

"सोड ना जरा. घाबरलीस काय?"

"हो," ती म्हणाली. "फार घाबरले गं."

रांग संपली. भाचीने गाडी वळवली आणि शाळेच्या रस्त्याला लावली. तिने पकड जरा सैल केली, पण हात सोडले नाहीत.